पाटीवरचे नाव

९ डिसेंबर १९६० रोजी सायंकाळी ब्रिटनमधील दूरचित्रवाणीवर ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला. मँचेस्टरच्या ग्रॅनाडा कंपनीने ती निर्माण केली होती आणि तिचा जनक टोनी वॉरन हा त्या वेळी अवघा चोवीस वर्षांचा होता. या मालिकेचा पहिला प्रसंग घडतो तो गल्लीच्या कोपऱ्यावरील किराणा दुकानात. एल्सी लॅपिन नावाची वृद्ध दुकानदारीण आपले दुकान फ्लोरी लिंडली या नव्या मालकिणीच्या स्वाधीन करीत आहे आणि दारावरची पाटी आता बदलून घ्यावी लागेल, असे तिला सांगत आहे. साठ वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या एका प्रदीर्घ कथेचा आरंभ असा पाटीवरच्या नावापासून झाला.

व्यापारी घराण्यातील वाचकाला या प्रसंगाचे मर्म चटकन कळेल. पाटीवर नाव कोणाचे, कागदावर सही कोणाची आणि गल्ल्याची किल्ली कोणाकडे, हे तीन प्रश्न वरवर एकच वाटतात. परंतु त्यांची उत्तरे पुष्कळ घरांत निरनिराळी असतात. ‘कोरोनेशन स्ट्रीट’ने अलीकडच्या काळात सांगितलेली सर्वांत अस्वस्थ करणारी कथा याच तीन प्रश्नांभोवती फिरते. सांगलीच्या एका हळदीच्या अडत पेढीतील गृहिणीने ती मँचेस्टरमध्ये बसून पाहिली आणि पाहता पाहता तिच्या मनात स्वतःच्या घराचा हिशेब सुरू झाला.

या गृहिणीला घरात सारे ‘आक्का’ म्हणतात. वय पासष्टच्या पुढे. २०२०च्या जानेवारीत त्या सुनेच्या बाळंतपणासाठी मुलाकडे गेल्या. तीन-चार महिन्यांत परतायचे, असा बेत होता. पण मार्चमध्ये महामारीमुळे विमाने थांबली आणि परतीचा प्रवास पुढे पुढे ढकलला गेला. मँचेस्टरला जानेवारीत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. आक्कांचे जेवण त्याआधीच उरकलेले असे. मग बाळाला मांडीवर घेऊन एवढी लांबलचक सायंकाळ कशी घालवायची, हा प्रश्न होता. सून रोज ‘कोरोनेशन स्ट्रीट’ लावी. ‘बघा तर आक्का, इथलीच गोष्ट आहे,’ असे म्हणे. मालिकेतील वेदरफील्ड हे गाव काल्पनिक. परंतु ते शेजारच्या सॅल्फर्डवरून बेतलेले. एकसारख्या लाल विटांची घरे, कोपऱ्यावरचे दुकान, मद्यगृह, कपड्यांचा छोटा कारखाना. खिडकीतून दिसणारी गल्ली आणि पडद्यावरची गल्ली यांत फारसा भेद नव्हता.

उत्तर इंग्लंडची बोली आक्कांच्या कानांवर ठरत नसे. सून मध्ये मध्ये अर्थ सांगे. एकदा तिने विचारले, ‘आक्का, तुम्हाला कळतंय का हो सगळं?’ आक्का म्हणाल्या, ‘शब्द नाही कळत गं. पण घरातली रीत कळते.’

ती रीत यास्मीन आणि जेफ यांच्या घरातील होती. यास्मीन ही पाकिस्तानी वंशाची, प्रौढ वयाची, मानी स्त्री. ग्रंथालयासाठी झटणारी, गल्लीतील समाजकेंद्र उभारणारी, अन्यायाविरुद्ध चार माणसांत उठून बोलणारी. आल्या या नातीबरोबर ती ‘स्पीड दाल’ नावाचे उपाहारगृहही चालवीत असे. पहिल्या पतीच्या प्रतारणेनंतर ती एकटी राहिली होती. तिच्या आयुष्यात जेफ मेटकाफ येतो. हसरा, बोलका, हौशी जादूगार. शेली किंग आणि इयन बार्थोलोम्यू या दोन कलावंतांनी या भूमिका केल्या. आरंभी जेफ सर्वांनाच आवडावा, असाच रंगवला आहे. २०१८ पासून दोन वर्षांहून अधिक काळ ही कथा संथ गतीने उलगडत गेली आणि तिचे सामर्थ्य त्या संथपणातच होते.

जेफ कधी एकदम हात उगारत नाही. तो यास्मीनच्या कपड्यांवर शेरा मारतो, स्वयंपाकात खोड काढतो, पाहुण्यांसमोर तिची थट्टा करतो आणि ती दुखावली की ‘तुला विनोद कळत नाही’ असा सूर लावतो. जादूच्या खेळातील पेटीत तिला बसवतो आणि पेटी उघडण्यास मुद्दाम विलंब लावतो. घरात चोरी झाल्याचा बनाव रचतो आणि मग सुरक्षिततेच्या नावाखाली कॅमेरे बसवून दिवसभर तिच्यावर नजर ठेवतो. पैशाचे व्यवहार हळूहळू आपल्या हाती घेतो. नातीविषयी तिच्या मनात विष कालवतो. ज्या स्त्रीला सारी गल्ली सल्ला विचारायला येई, ती पुढे दुकानातून एखादी वस्तू आणतानाही बिचकू लागते.

प्रत्येक गोष्ट सुटी घेतली, तर क्षुल्लक. तक्रार करायला जावे, तर ऐकणारा म्हणेल, ‘एवढंच ना?’ दोन-अडीच तासांच्या चित्रपटाला हे दाखवणे अवघड. कारण तेथे घटनांना धावावे लागते. त्या काळी आठवड्याला सहा भाग दाखवणाऱ्या या मालिकेला मात्र ते साधले. महिना-दीड महिना काही घडलेच नाही, असे प्रेक्षकाला वाटते आणि मग एके दिवशी ध्यानात येते की, यास्मीनने कित्येक दिवसांत स्वतःच्या मनाने एकही निर्णय घेतलेला नाही. महामारीमुळे चित्रीकरण थांबले तेव्हा साठा पुरावा म्हणून आठवड्याचे भाग सहावरून तीनवर आणले गेले. घरात कोंडलेले लाखो लोक घरातच कोंडलेल्या यास्मीनची गोष्ट अधिकच सावकाश पाहू लागले.

या कथेतील एक प्रसंग आक्कांना सोसवला नाही. यास्मीनने घराच्या मागे कोंबड्या पाळल्या होत्या. त्यांतील लाडक्या कोंबडीचे नाव तिने इंग्रज कादंबरीकर्तीवरून शार्लट ब्राँटी असे ठेवले होते. जेफ ती कोंबडी मारून शिजवतो, यास्मीनला वाढतो आणि तिने खाल्ल्यानंतर ती कोणती होती, हे तिला सांगतो. आक्का बाळाला घेऊन उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी भाजी निवडताना आपण होऊनच बोलल्या, ‘कोंबडी मारली, ते एक पाप झालं. पण जिनं दाणे घालून वाढवली, तिलाच खाऊ घालायचं आणि वर सांगायचं, याला काय म्हणायचं गं?’ सुनेला उत्तर सुचले नाही. मुक्या जीवावरची हिंसा येथे माणसाचे मन मोडण्याचे साधन झाली होती. जिला तिने जपले, तिच्याच नाशात तिचा हात लावून घ्यायचा, म्हणजे पुढे तिने तोंड वर करून बोलू नये.

एप्रिल २०२० मध्ये जेफ तिच्या अंगावर धावून येतो तेव्हा यास्मीन हातातील बाटलीने त्याच्यावर वार करते. जेफ वाचतो. यास्मीन मात्र खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपाखाली तुरुंगात जाते. गल्लीतील बहुतेकांना जेफच बिचारा वाटतो. त्याचा मुलगा टिमदेखील बापाचीच बाजू घेतो. इलेन ही जेफची पूर्वीची पत्नी, म्हणजे टिमची खरी आई, समोर येते आणि आपणही याच वाटेने गेलो होतो, असे सांगते, तेव्हा कोठे त्याचे डोळे उघडू लागतात. अखेर न्यायालयात यास्मीन निर्दोष ठरते.

या कथेमागे एक कायदा उभा आहे, हे वाचकांनी जाणून घेण्याजोगे आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या गंभीर गुन्हेविषयक कायद्याच्या ७६ व्या कलमाने निकटच्या नात्यातील ‘धाकदडपशाहीचे नियंत्रण’ हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. त्या वर्षीच्या २९ डिसेंबरपासून तो अमलात आला आणि त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. अंगावर वळ नसला तरी वारंवार केलेली कोंडी, पाळत, पैशाची अडवणूक यांना गुन्ह्याचे नाव मिळाले. त्यानंतर काही महिन्यांतच बीबीसी रेडिओवरील ‘द आर्चर्स’ या १९५१ पासून चालत आलेल्या ग्रामीण श्रुतिकामालिकेने हेलन आणि रॉब या दांपत्याची अशीच कथा शिगेला नेली होती. कायद्याची कलमे सामान्य घरांत कोणी वाचत नाही. परंतु हेलन आणि यास्मीन या दोघींमुळे कलमाचा अर्थ स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला. साबणाच्या कारखानदारांनी १९३० च्या दशकात अमेरिकेत गृहिणींना माल विकण्यासाठी रेडिओवर ज्या कथा पुरस्कृत केल्या, त्यांवरून या प्रकाराला ‘सोप’ हे नाव पडले. विक्रीसाठी जन्मलेला हा प्रकार कधी कधी असे लोकशिक्षणाचे काम करून जातो.

मात्र यास्मीनच्या कथेचा शेवट आक्कांना पटला नाही. डिसेंबर २०२० मध्ये, मालिकेच्या साठाव्या वर्धापनाच्या आठवड्यात, जेफ घराला आग लावतो, यास्मीनचा पाठलाग करीत छपरावर जातो आणि तेथून कोसळून मरतो. वर्धापनाला साजेसा थरार निर्मात्यांना हवा होता, तो त्यांनी साधला. आक्का म्हणाल्या, ‘असा कुठं कोण छपरावरून पडतो? सगळे जेफ म्हातारे होईपर्यंत जगतात.’ त्यांचा आक्षेप योग्य होता. दोन वर्षे घराघरांतले खरे दुखणे दाखवून झाल्यावर मालिकेने एका रात्रीत त्याला नाटकी दुष्टाचे रूप दिले. नियंत्रण करणाऱ्या माणसाला शेजारी चांगला म्हणतात, तो सणाला पेढे वाटतो, हेच तर इतके दिवस कष्टाने दाखवले होते. ज्वाळा आणि छप्पर आले, की प्रेक्षकाला सुटल्यासारखे वाटते, कारण असा माणूस आपल्या ओळखीत नाही, अशी त्याची खात्री पटते.

नव्या वर्षात आक्का सांगलीस परतल्या. पुढची कथा सून दूरध्वनीवरून सांगत असे आणि त्या पुढच्या भागाने आक्कांचा आक्षेप काहीसा दूर केला. जेफ गेला, पण त्याने मागे ठेवलेल्या कर्जांचा बोजा यास्मीनच्या आणि तिच्या उपाहारगृहाच्या डोक्यावर आला. धाक संपला तरी देणी संपली नव्हती. आक्का क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘हां, आता खरं वाटतं.’

कारण आक्का स्वतः पेढीच्या भागीदार होत्या. लग्नानंतर चार-पाच वर्षांतच अण्णांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, त्यांचे नाव भागीदारीपत्रात घातले होते. राहते घरही त्यांच्याच नावावर. नात्यातील बायकांत याचा मोठा मान होता. परंतु पेढीची उलाढाल किती, देणे किती, येणे किती, हे त्यांना कधी ठाऊक नव्हते. दिवाणजी कागद घेऊन येत. जेथे सही हवी, तेथे पेन्सिलीची फुली असे. आक्का चूल मंद करून येत, फुलीवर सही करीत आणि परत जात. चाळीस वर्षे हा क्रम चालला होता.

अण्णा म्हणजे जेफ नव्हेत, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, माहेरी जाण्यास अडवले नाही, खर्चाचा जाब विचारला नाही. व्यापारी कुटुंबांत पत्नीची अशी कोरी सही ही बहुधा विश्वासाचीच खूण असते. अडचण एवढीच की, वरून पाहता विश्वासाची सही आणि धाकाची सही सारखीच दिसते. यास्मीननेही पहिल्या सह्या प्रेमानेच केल्या असतील. सहीच्या शाईवरून फरक कळत नाही. तो कळतो प्रश्न विचारल्यावर. ‘हे कशाचे आहे?’ असे विचारल्यानंतर समोरचा माणूस समजावून सांगतो, की संतापतो, यावर घराची खरी परीक्षा होते.

त्या वर्षी बँकेच्या कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाचे कागद आले तेव्हा आक्कांनी तो प्रश्न विचारला. दिवाणजी गोंधळले. त्यांनी अण्णांकडे पाहिले. अण्णा म्हणाले, ‘अगं, नेहमीचेच आहेत.’ आक्का म्हणाल्या, ‘नेहमीचे आहेत, म्हणूनच एकदा वाचावेत म्हणते.’ अण्णांना ते लागले. दोन दिवस घरात बोलणे तुटक झाले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून कागद वाचून दाखवायला घेतले. राहते घर बारा वर्षांपासून बँकेकडे तारण आहे आणि आक्का स्वतः जामीनदार आहेत, हे त्यांना त्या दुपारी समजले. एका अटीपाशी अण्णाही अडखळले. भागीदारांपैकी कोणीही गेल्यास सारी बाकी तत्काळ मागण्याचा बँकेचा अधिकार त्यांनीही आजवर नीट वाचलेला नव्हता. दोघांनी मिळून बँकेत जाऊन त्याचा खुलासा करून घेतला. मग आक्कांनी सही केली आणि एक प्रत मागून घेतली. ती आता त्यांच्या कपाटात असते.

येथे ही गोष्ट संपली असती, तर ती सोयीची झाली असती. परंतु ब्रिटनमधील आणखी एका मालिकेने तिला वळण दिले. बीबीसीची ‘ईस्टएंडर्स’ ही मालिका १९८५ पासून चालू आहे. लंडनच्या पूर्व भागातील वॉलफर्ड या काल्पनिक वस्तीतील तिच्या कथेत पनेसर हे पंजाबी व्यापारी कुटुंब आहे. कुटुंबाची कर्ती सुकी पनेसर ‘मिनिट मार्ट’ हे दुकान चालवते. बलविंदर सोपल यांनी ती भूमिका साकारली आहे. पती निश खुनाच्या गुन्ह्यासाठी वीस वर्षे तुरुंगात होता. त्या काळात सुकीने मुले वाढवली आणि धंदा उभा केला. २०२२ मध्ये निश परत येतो आणि जणू कालच घरातून बाहेर पडला होता, अशा थाटात धंद्याची आणि घराची सूत्रे हाती घेऊ लागतो. जी स्त्री साऱ्या वस्तीशी सौद्यात कोणाला हार जात नसे, ती त्याच्यापुढे आवाज खाली आणते. सून ही कथा सांगू लागली तेव्हा आक्कांना सुकीविषयी साहजिकच कळवळा वाटला.

तेव्हा सुनेने सुकीची दुसरी बाजूही सांगितली. निश येण्याआधी या घरात धाक होता, तो सुकीचाच. मोठ्या झालेल्या मुलांच्या पैशांत, नोकऱ्यांत, जोडीदारांच्या निवडीत ती हात घालीत असे. मुले आपल्यापासून दूर जाऊ नयेत म्हणून तिने कर्करोग झाल्याचे खोटेही सांगितले होते. लेखकांनी तिला सोज्ज्वळ केले नाही, हे या कथेचे मोठेपण. जिच्यावर सत्ता गाजवली गेली, ती स्त्रीही संधी मिळताच सत्ता गाजवू शकते आणि तिला ते प्रेमच वाटते. किल्ली पुरुषाच्या हातून स्त्रीच्या हाती आली, एवढ्याने घरातील सर्वांचा न्याय झाला, असे होत नाही.

आक्का त्या दिवशी फारशा बोलल्या नाहीत. सुनेच्या लग्नात तिच्या माहेरहून आलेले सोने सांगलीच्या बँकेत आक्कांच्या नावच्या लॉकरमध्ये होते. मुले परदेशी, सोने येथे सुरक्षित राहील, असा सरळ विचार त्यामागे होता. किल्ली आक्कांच्या कपाटातील चोरकप्प्यात असे. सुनेने ते कधी मागितले नाही आणि आक्कांनीही ते कधी दाखवले नाही. काय काय आहे, याची यादीदेखील नव्हती. स्त्रीधन हे सर्वस्वी त्या स्त्रीचेच, सासरकडे असले तरी ते केवळ विश्वासाने ठेवलेले असते, असा निवाडा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच दिला आहे. आक्कांना तो निवाडा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. कॅश क्रेडिटच्या कागदावर आपण जो प्रश्न विचारला, तो सुनेने आपल्याला विचारला असता, तर आपल्याला राग आला असता की काय, एवढाच विचार त्यांच्या मनात घोळत राहिला.

इंग्लंडमध्ये २०२१ च्या कौटुंबिक अत्याचारविषयक कायद्याने आर्थिक अत्याचाराची व्याख्या केली. दुसऱ्याला पैसा किंवा मालमत्ता मिळवता, वापरता अगर राखता येऊ नये, अशा रीतीने केलेली अडवणूक त्यात येते. आक्कांनी कोणाची अडवणूक केली नव्हती. पण अडवणूक आणि सांभाळ यांच्यामध्ये भिंत नसते, उंबरठा असतो, आणि तो ओलांडल्याचे घरातील थोरांना बहुधा सर्वांत शेवटी कळते.

पुढच्या सुट्टीत मुलगा आणि सून नातवाला घेऊन सांगलीस आले. तिसऱ्या दिवशी आक्का सुनेला बरोबर घेऊन बँकेत गेल्या. लॉकर उघडून एकेक दागिना बाहेर काढला. सूनबाईने पाटल्या, तोडे, मोहनमाळ असे करीत वहीत नोंद केली. खाली दोघींनी सह्या केल्या. मग नव्या लॉकरचा अर्ज मागितला. अधिकाऱ्याने दोघींकडे पाहिले आणि अर्ज भरण्यासाठी लेखणी उघडून सहज विचारले, ‘पहिले नाव कोणाचे घालायचे?’

आक्कांनी काही न बोलता अर्ज सुनेपुढे सरकवला.